अळणी ताट

१

बुधवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी नांगराची साखळी खडखडत पाण्यात गेली आणि पाच दिवसांत अंगवळणी पडलेली जहाजाची थरथर एकदम थांबली. शेजारच्या खाटेवर टांटी मर्ल, माझ्या वडिलांची धाकटी बहीण, तोंड उघडे टाकून झोपली होती. मी दात घासले, चेहऱ्यावर पाणी मारले आणि आमच्या आणि आईच्या, म्हणजे माच्या, केबिनमधले दार ढकलले. रात्रीबेरात्री तिला हाक मारता यावी म्हणून ते आम्ही पहिल्या दिवसापासून नुसते लोटून ठेवत होतो.

मा उठून बसली होती. साटिनची टोपी काढून ती केसांना तेल लावत होती. किनाऱ्यावर उतरताना लागणारी तिची व्हीलचेअर घडी करून भिंतीला टेकवलेली होती.

"गुडघे कसे आहेत?" मी विचारले.

"आहेत तिथेच आहेत. जायचं कुठे त्यांना?"

गोल खिडकीतून कॅरियाकू बेटाचे डोंगर दिसत होते आणि त्यांच्या पायथ्याशी हिल्सबरो गावाची पत्र्याची छपरे. मा तिकडे पाठ करून बसली होती.

सव्वासात वाजता आम्ही सगळे न्याहारीच्या टेबलापाशी होतो. मा, टांटी, मी, माझा भाऊ ऑर्विल, त्याची बायको आणि दोन मुली. आमच्यापैकी कोणीच याआधी अशा सहलीला आले नव्हते. ऑर्विल ब्रुकलिनमध्ये शहराची बस चालवतो आणि आयुष्यात पहिल्यांदाच दुसरा कोणीतरी त्याला नेत होता. त्यामुळे तो रोज कप्तानाची चूक काढत असे. माने खारवलेल्या माशाची भाजी आणि तळलेल्या पावाचे दोन तुकडे घेतले. मग मासा पुन्हा घेतला.

वाढपी वाकून म्हणाला, "मॅडम, रात्रीचा बिनमिठाचा भात आजही केबिनमध्ये पाठवू?"

"पाठव."

"रक्तदाब म्हणे," टांटी मर्ल म्हणाली. "खारा मासा दोनदा आणि भात मात्र अळणी."

"तुझ्या जिभेला मीठ कमी पडू नये म्हणून वाचवते, मर्ल."

मुली हसल्या. ऑर्विल हसला नाही. तो घड्याळ बघत होता.

त्या दिवशी दुपारी चार वाजता, बेट मागे टाकल्यावर, कप्तान उघड्या समुद्रात जहाज थांबवणार होता आणि आम्ही डॅडींची रक्षा पाण्यात सोडणार होतो. कथबर्ट लेन्डोर, वय एक्क्याऐंशी, जन्म याच बेटावर, मृत्यू अकरा महिन्यांपूर्वी ब्रुकलिनच्या रुग्णालयात. ते गेल्यावर घरात तीन दिवस कोणी कोणाशी बोलले नव्हते. माने ब्रुकलिनच्या दफनभूमीत दोघांसाठी जागा राखून ठेवली होती. ऑर्विल आणि टांटी त्यांना कॅरियाकूला, घरच्या जमिनीत न्यायचे म्हणत होते. शेवटच्या सकाळी त्यांच्यापाशी मी एकटी होते. ते काय म्हणाले, असे सर्वांनी विचारले तेव्हा मी एक शब्द सांगितला होता: समुद्र. त्या शब्दाने भांडण मिटले.

आठ वाजून वीस मिनिटांनी स्वागतकक्षाची अधिकारी एक छापील कागद घेऊन आमच्या केबिनमध्ये आली. तिचा स्वर मऊ होता. रक्षेसोबत दहनभूमीवाले धातूची चकती ठेवतात, ती समुद्रात टाकता येत नाही. तेवढी आत्ताच काढून द्याल का, असे तिने विचारले.

मी कपाटाच्या खालच्या फळीवरून कलश उचलला. तो मीच निवडून मागवला होता; दुधी रंगाचा, संगमरवरासारखा, पाण्यात आपोआप विरघळणारा. ऑर्विल दारात उभा होता, टांटी खाटेवर, मा दोन केबिनमधल्या दाराशी खुर्ची ओढून बसलेली. मी झाकण फिरवले. आत न्हाणीघरातली पारदर्शक प्लास्टिकची टोपी होती आणि तिच्यात काहीतरी गच्च बांधले होते. मी गाठ सोडली.

टोपीत समुद्रकिनाऱ्यावरची वाळू होती.

२

"चकती दुपारी आणून देते," मी त्या अधिकारी बाईंना म्हणाले आणि त्यांच्यामागे दार लावून घेतले.

मग ऑर्विल म्हणाला, "डॅडी कुठे आहेत?"

हा प्रश्न त्याने लहानपणी कामावरून येणाऱ्या वडिलांबद्दल विचारावा तशा आवाजात विचारला. त्याला स्वतःलाही ते जाणवले असावे, कारण पुढचे वाक्य त्याने मोठ्याने फेकले. "चार वाजता काय सोडायचं पाण्यात? आणि दोन वाजता नांगर उचलतात. कोणी त्यांना किनाऱ्यावर नेऊन टाकलं असेल तर? शेवटची बोट दीड वाजता परत येते. पाच तास, व्हर्लिन. त्यानंतर ते कुठे आहेत हे आपल्याला कधीच कळणार नाही."

"जहाजवाल्यांना सांगू या," टांटी म्हणाली.

"नको," मा म्हणाली. एवढेच बोलून ती आपल्या केबिनमध्ये गेली.

शोध माझ्याकडे आला, कारण माझा धंदाच तो. सव्वीस वर्षे मी शाळेच्या हजेरी विभागात काम करते. मूल शाळेत आले नाही की त्याच्या घरी जाऊन कारण विचारायचे, आणि सांगितलेल्या कारणामागचे खरे कारण शोधायचे. सुरुवातीला माणसे जास्त बोलली की मी सावध होत असे. पुढे कळले, चांगले खोटे फार थोड्या शब्दांचे असते.

ऑर्विलला मी मुलींकडे पाठवले. टांटी मर्ल खाटेवरून हलली नाही.

"माझ्यापासून सुरू कर," ती म्हणाली. "याच खोलीत झोपते मी. कपाट माझ्या पायाशी. भावाला घरी न्यायचं म्हणून सगळ्यात जास्त आरडाओरडा मीच केला होता."

"केलंस का?"

"व्हर्ली, मी चोरी केली असती तर आधी सांगून केली असती. तोंड बंद ठेवून काही करायला जमलंय का मला कधी?"

ते खरे होते. तिने वाळूची टोपी मांडीवर घेतली आणि चिमूटभर वाळू तळहातावर पसरली. "ही कालची आहे. मेरो बेटाची."

"कशावरून?"

"पहिल्या दिवशीची सेंट व्हिन्सेंटची वाळू काळी, तव्यासारखी. बेकियाची पिवळी. ही पांढरी आहे आणि हे गुलाबी कण बघ, फुटक्या शिंपल्यांचे. काल मी हीच भरून घेतली होती, चर्चमधल्या बायकांना दाखवायला. पाण्याची बाटली भरून."

"कुठे आहे ती बाटली?"

"तेच सांगते ना. जहाजावर चढताना त्या यंत्रातून पिशव्या जातात, तिथल्या रखवालदाराने काढून घेतली. वाळू, माती, रोप, फळ काही आणायचं नाही म्हणे. मी म्हटलं, अरे बाबा, देवानं फुकट दिलेली वाळू आहे. तर म्हणतो, देवाचं तिकीट नाही आमच्याकडे." ती हसली आणि हसता हसता डोळे पुसू लागली. "माझी एक बाटली त्यांना दिसली. मग ही एवढी वाळू कशी चढली वर?"

मी टोपी हातात तोलली. अडीच किलोच्या आसपास. डॅडींचे जेवढे होते तेवढेच.

"टांटी मर्ल, डॅडींना समुद्र आवडायचा ना?" मी विचारले. का विचारले ते मला तेव्हा स्वतःशीही कबूल करायचे नव्हते.

तिने माझ्याकडे पाहिले. "तुला त्यानं समुद्र म्हणून सांगितलं. म्हणजे शेवटी आवडत असेल. मी वाद घातला का? मरणाऱ्या माणसाच्या शब्दापुढे मी कोण?" वाळू पुन्हा टोपीत झटकत ती म्हणाली, "फिट्झरॉय बुडाला त्या वर्षापासून कथबर्ट गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेला मी तरी पाहिला नाही."

फिट्झरॉय हा त्यांचा थोरला भाऊ. शिडाच्या बोटीसह नाहीसा झालेला.

३

आमच्या केबिनची झाडलोट करणारा वायान बालीचा होता. तो चादरी घेऊन बोळात उभा होता आणि मला पाहून त्याने चादरी छातीशी धरल्या. काही हरवल्याचे त्याने आमच्या चेहऱ्यांवरून ओळखले होते, आणि अशा वेळी पहिला संशय कोणावर येतो हेही त्याला ठाऊक होते.

"तुमच्याबद्दल तक्रार नाही," मी आधीच म्हणाले. "या पाच दिवसांत काय काय दिसलं, तेवढं सांगा."

"नेहमीचंच, मॅडम. तुमच्या कपाटातल्या खालच्या फळीवर पाण्याचा गोल डाग पडतो. मी रोज पुसतो. वाळला की पांढरा होतो. मला वाटलं वरून गळतंय, मी दुरुस्तीवाल्याला सांगितलंय."

"आणखी?"

"मोठ्या मॅडमच्या खोलीत ताट असतं. भात, थोडी भाजी, वर रुमाल, बाजूला पेलाभर पाणी. रात्री ठेवलेलं सकाळी तसंच. पहिल्याच सकाळी उचलायला गेलो तर म्हणाल्या, उजाडल्यावर, आत्ता नको. मग मी समजलो. आमच्या घरीही ठेवतात. ते जेवायचं ताट नसतं."

"कुठे असतं ते?"

"आधी तुमच्या भिंतीला लागून. छोटं टेबल मुद्दाम ओढून ठेवलेलं. मंगळवारी सकाळपासून मात्र खाटेच्या उशाशी, त्यांच्या लोकरीच्या पिशवीजवळ." तो घुटमळला. "आणि सोमवारी दुपारी तुम्ही सगळे खाली बेकियाला गेला होतात, तेव्हा तुमच्या खोलीत एकजण होते. मी टॉवेल बदलायला आलो होतो. कपाट उघडं होतं."

"कोण?"

"मला कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही, मॅडम."

"वायान."

"तुमचे भाऊ," तो म्हणाला.

४

ऑर्विल वरच्या डेकवर, मुली पोहत होत्या त्या हौदाच्या कठड्याला टेकून उभा होता. खाली लहान बोटी माणसे भरून धक्क्याकडे निघाल्या होत्या.

"सोमवारी तू माझ्या केबिनमध्ये होतास," मी म्हणाले.

त्याने नाकारले नाही. "दार उघडून दिलं त्या वायाननंच. सांगितलं वाटतं त्यानं."

"कशाला गेलास?"

"चोरायला नाही." तो खालच्या बोटींकडे वळला. "दर नाताळात म्हणायचे ना ते, ऑर्विल, एकदा घरी ने मला. आणि मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. अकरा वेळा म्हणालो. मोजलंय मी. शेवटी सगळ्यांची तिकिटं काढली, आठ. मा आणि ते एका खोलीत. घरी नेतोच आहे, तर जरा थाटात नेऊ. त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, जहाजातून कशाला रे, विमानानं ने. नऊ दिवसांनी गेले." त्याने तोंडावरून हात फिरवला. "कलशावर हात ठेवून माफी मागायला गेलो होतो. बस."

"उघडलास?"

"नाही. हात ठेवला आणि काढला. ओला होता तो. घाम आल्यासारखा. मी घाबरलो, व्हर्लिन. मला वाटलं, ते..." वाक्य त्याने सोडून दिले आणि तळहात पँटला पुसला, जणू ओल अजून होती.

मी त्याच्या हाताकडे बघत राहिले.

घाम येणारा दगड. वाळल्यावर पांढरा होणारा डाग. कलश मागवताना त्या पानावर लिहिलेले मला आठवले: शुद्ध दाबलेल्या मिठापासून बनवलेला, चार तासांत पाण्यात एकरूप होतो. मला ते वाचून डोळ्यांत पाणी आले होते. घरात मी कोणालाच सांगितले नव्हते की तो मिठाचा आहे. सगळ्यांना तो दगडच वाटत होता. बेटांवरच्या दमट हवेत मीठ पाझरले होते, एवढेच.

आणि मग दुसरे आठवले. दर नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, आमच्या ब्रुकलिनच्या स्वयंपाकघरात टेबलावर एक ताट रात्रभर झाकलेले असे. पितरांचे ताट. सकाळी ते आम्हा मुलांनी खायचे. भात थंडगार आणि बेचव, कारण त्यात मिठाचा कण नसे. एकदा ऑर्विलने मिठाची बरणी आणली तेव्हा डॅडींनी, ज्यांनी आमच्यावर कधी हात उगारला नाही, ती त्याच्या हातातून हिसकावून घेतली होती.

रक्तदाब असलेली बाई खारा मासा दोनदा खात नाही. ती ज्याच्यासाठी भात मागवत होती तो आधी भिंतीपलीकडे माझ्या कपाटात होता आणि मंगळवारपासून तिच्या उशाशी. वाळूचेही उत्तर समोरच होते. प्रत्येकाची पिशवी यंत्रातून जाते, पण व्हीलचेअरवरच्या माणसाला खलाशी बाजूच्या फळीवरून उचलून चढवतात आणि त्याची पिशवी त्याच्या मांडीवरच राहते. काल संध्याकाळी ऑर्विलने माची पिशवी उचलून घ्यायला हात पुढे केला, तेव्हा तिने दिली नव्हती.

"कळलं का कोण ते?" ऑर्विलने विचारले.

"अजून एक गोष्ट विचारायची आहे," मी म्हणाले आणि खाली गेले.

५

मा खिडकीकडे तोंड करून बसली होती. आता ती डोंगर बघत होती. लोकरीची पिशवी मांडीवर.

"कालची वाळू छान होती," मी म्हणाले.

"हं."

"मांडीवर घेऊन आलीस."

"विणकामाची पिशवी आहे ही."

"मा, पाच दिवसांत तू एक टाका घातलेला नाहीस."

तिने सुस्कारा टाकला, तो पकडले गेल्याचा नव्हता. बराच वेळ उभे राहिलेल्या माणसाला खुर्ची मिळावी तसा होता. तिने लोकरीचे गुंडे बाजूला केले. खाली डॅडींचा रविवारचा निळा सदरा घडी करून ठेवला होता आणि त्याच्या आत, दोन प्लास्टिकच्या टोप्यांमध्ये, ते होते. चकतीही होती.

"सोमवारी संध्याकाळी इस्त्री घ्यायला तुझं कपाट उघडलं," ती म्हणाली. "फळी ओली. वाटलं, भांडं फुटलं. बोट लावलं आणि स्वयंपाकघरातली सवय, ते जिभेला लावलं." तिने माझ्याकडे सरळ पाहिले. "मीठ, व्हर्लिन. अकरा महिने माझ्या माणसाला तू मिठात पुरून ठेवलंस."

"मला माहीत नव्हतं."

"ते मला माहीत आहे. ब्रुकलिनमध्ये जन्मलीस. ताट मी वाढलं, खायला तुम्हाला दिलं, पण अळणी का ते कधी सांगितलं नाही. मीठ लागलं की मेलेल्या माणसाचा पाय जड होतो, तो घरी परतू शकत नाही. तुम्ही शाळेत हसाल म्हणून नाही सांगितलं. तो दोष माझा."

"मग मला सांगायचंस. आपण भांडं बदललं असतं. चार वाजता..."

"चार वाजता काय?"

मी पिशवीतल्या सदऱ्याकडे पाहिले.

"चार वाजता त्याला समुद्रात सोडलं असतं," मा हळू म्हणाली. "आणि समुद्रात काय असतं, पोरी?"

मी खिडकीबाहेरच्या पाण्याकडे पाहिले.

"पन्नास वर्षं मी त्या माणसाशेजारी झोपले. फिट्झरॉयच्या ताटात चुकून मीठ पडलं तर तो आख्खा भात फेकून पुन्हा शिजवायला लावायचा. म्हणायचा, त्याच्या अंगात आधीच समुद्रभर आहे. आणि तोच माणूस मरताना समुद्र म्हणाला?" तिचा आवाज वर गेला नाही. "वाळू कोणी ठेवली ते तू शोधून काढलंस. हुशार आहेस. आता मला एक सांग. त्या सकाळी तो काय म्हणाला?"

सव्वीस वर्षे मी लोकांच्या दारात उभी राहून हा प्रश्न विचारत आले. समोरचे माणूस आधी भिंतीकडे बघते, मग हातांकडे. मी हातांकडे पाहिले.

"मी तिथे नव्हते."

मा वाट बघत राहिली.

"बोळाच्या टोकाला कॉफीच्या यंत्रापाशी होते. फोनवर. एक मुलगी आठवडाभर शाळेत आली नव्हती, तिच्या आईला झापत होते. परत आले तर नर्स पडदा ओढत होती. ते काहीतरी म्हणाले, असं नर्स म्हणाली. तिला त्यांची बोली कळली नाही. वीस मिनिटं, मा. वीस मिनिटं मी नव्हते."

"आणि आम्ही विचारलं."

"तुम्ही सगळ्यांनी एकदम विचारलं. तीन दिवस घरात कोणी बोलत नव्हतं, तू स्वयंपाकघरात, ऑर्विल खाली गाडीत बसून. मी गैरहजर होते हे मला सांगता येईना. आणि तू म्हणत होतीस ब्रुकलिन, ऑर्विल आणि टांटी म्हणत होते कॅरियाकू. समुद्र कोणाचाच नव्हता. तोंडातून गेला."

माने डॅडींच्या सदऱ्याची बाही सरळ केली. "तू म्हणालीस त्याच क्षणी मला कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"आज सांगशील, उद्या सांगशील, म्हणून थांबले. आणि खरं विचारशील तर, त्याला घरी जायचं होतं, हे कळायला मला त्यानं सांगायची गरज नव्हती. पण तो इथे गेला असता आणि मी तिथे राहिले असते. तुझं खोटं माझ्याही सोयीचं होतं. त्याच्या आड मीही उभी राहिले, अकरा महिने. मीठ जिभेला लागलं तेव्हा लाज वाटली."

बाहेर बोटीचा भोंगा वाजला. दहा वाजून पन्नास मिनिटे झाली होती.

"आता?" मी विचारले.

"मी त्याला मिठातून काढलं. पुढचं माझ्या गुडघ्यांना जमणारं नाही." तिने पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "शब्द तुझा होता. तू ठरव."

६

स्वागतकक्षात गर्दी नव्हती. त्या मऊ आवाजाच्या अधिकारी बाईंनी रद्द करण्याचा कागद माझ्यापुढे सरकवला. नाव, केबिन, विधीची वेळ, आणि खाली रिकामा रकाना: कारण. असे रकाने मी हजारो वेळा इतरांच्या वतीने भरले आहेत. आजारपण, प्रवास, घरगुती अडचण. मी लिहिले: वडील असे म्हणाले नव्हते. सही केली आणि चकती कागदावर ठेवली.

ऑर्विलला मी डेकवरच सांगितले. काहीही आवरून न घेता, कॉफीच्या यंत्रासकट. तो कठड्यावर बोटे वाजवत राहिला.

"एकच शब्द सांगितलास," तो शेवटी म्हणाला. "म्हणून विश्वास ठेवला मी. मोठी कहाणी सांगितली असतीस तर पकडलं असतं."

"माहीत आहे."

"अकरा महिने मी स्वतःला समजावतोय की ठीक आहे, घरी नेलं नाही तरी समुद्रावर तरी नेतोय. तुला माफ केलं असं मी आज म्हणणार नाही, व्हर्लिन."

"म्हणू नकोस."

तो वळला. मला वाटले, मुलींकडे चालला. तो खाली जाऊन माची व्हीलचेअर घेऊन आला.

साडेअकराच्या बोटीत आम्ही सगळे होतो. वायानने कालचे झाकलेले ताट आणून दिले होते. आज उजाडल्यावरही त्याने ते फेकले नव्हते. टांटी मर्लकडे एक बाटली पाणी आणि एक लहान बाटली रम. "ही परत येताना काढून घेऊ दे म्हणावं," ती रखवालदाराकडे बघून म्हणाली, "रिकामीच असेल." रखवालदाराने माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहिले, वर निळ्या सदऱ्याची कॉलर दिसत होती, आणि माझे कार्ड यंत्राला लावून मला पुढे जाऊ दिले. मिठाचा कलश केबिनमध्येच राहिला, आत मेरोची वाळू.

बोगल्स गावाची चढण मिनीबसने अर्धी पार केली. पुढच्या पायवाटेवर ऑर्विलने माला पाठीवर घेतले. "हळू रे," ती म्हणत होती, "बस नाही मी." घराचा आता नुसता चौथरा उरला होता, पण त्यामागे आंब्याखाली लेन्डोर मंडळींचे दगड जागेवर होते. शेवटचा फिट्झरॉयचा. त्याखाली कोणीच नव्हते. डॅडींनी तरुणपणी स्वतः कोरून लावलेला तो दगड समुद्राकडे पाठ करून उभा होता.

टांटीने शेजारच्या घरून कुदळ मागून आणली. ऑर्विलने त्या दगडाच्या बाजूला खणायला सुरुवात केली आणि हातभर खोल गेल्यावर तो बाजूला झाला. घड्याळात साडेबारा वाजले होते.

मी पिशवीतून सदरा काढला आणि गुडघ्यांवर बसले.

"थांब," मा म्हणाली.

तिने टांटीच्या हातातली पाण्याची बाटली घेतली आणि माझे दोन्ही हात पुढे ओढले. सकाळी कलश याच हातांनी उघडला होता. तिने पाणी ओतले, माझी बोटे एकेक चोळली, नखांच्या कडा, अंगठीखालची त्वचा, आणि माझा तळहात उचलून स्वतःच्या जिभेला लावून पाहिला. पुन्हा पाणी ओतले. पुन्हा पाहिला.

मग तिने माझे हात सोडले, आणि मी डॅडींना खाली ठेवले.